आई गुत्तेदाराकडं असते

नळदुर्गला एका म्हातारीनं तिच्या लेकासाठी माझ्याजवळ निरोप दिला होता. तो मी पोचवला नाही. विसरलो असं नाही, लेक भेटला नाही असंही नाही. तो समोर उभा होता, त्याच्या बायकोनं आपणहून विचारलं, आणि मी दुसरंच काहीतरी सांगून मोकळा झालो. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भागीदाराजवळ नाही, आणि तहसीलमध्ये सरळ सरळ विचारलं गेलं तेव्हाही नाही.

धाराशिवला आमचं लहानसं सल्लागार ऑफिस आहे. मी, माझा भागीदार आणि कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी एक मुलगी. विहिरी, शेततळी, नाल्यावरचे बांध यांची आखणी करायची आणि काम करून घ्यायचं. पैसा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा, गाव आमच्या जिल्ह्यातलं, मधे आम्ही. भागीदार इंजिनिअर. मी समाजकार्य शिकलेला, म्हणून माणसांशी बोलायचं काम माझ्याकडं.

एका कंपनीनं विहिरींचं काम देताना एक धोरण पाठवलं. आमच्या ऑफिसात आणि आमच्यासाठी काम करणाऱ्या कुणाकडंही सक्तीची मजुरी नसावी, वेठबिगारी नसावी, आणि तशी ती नाही हे आम्ही स्वतः जाऊन तपासावं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आधुनिक गुलामगिरी प्रतिबंध. भागीदारानं ते मोठ्यानं वाचलं आणि हसला.

"आपण तीन माणसं. त्यातला गुलाम कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू."

नकाशेवाली मुलगी मान वर न करता म्हणाली, "चिठ्ठ्या कशाला सर? दिवाळीत सुट्टी कुणाला न्हाय मिळाली ते बघा की."

मी हसलो नाही. मला ते काम खरंच मनापासून करायचं होतं. धोरणाचं मराठी मी केलं, भिंतीवर लावलं, आणि मजुरांना विचारायचे प्रश्न काढले. आधार कार्ड कुणाकडं असतं? मजुरी कुणाच्या खात्यात जाते? मारहाण, शिवीगाळ? राहायच्या जागेला बाहेरून कुलूप? आणि शेवटी, जायचं म्हटलं तर जाता येतं का? प्रश्न वाईट नव्हते. पण गुलाम म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं कोंडलेली, साखळीनं बांधलेली माणसं यायची. साखळी दिसली नाही की आपलं काम झालं, असं मी धरून चाललो होतो.

आमच्याकडं कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. विहिरी खोदायचं गुत्तं ज्याला दिलं, तो नळदुर्गचा. हैदराबादच्या रस्त्याला एका ढाब्यामागं त्याचं घर, दारात दगड उचलायची यारी आणि दोन ट्रॅक्टर. बोलायला गोड माणूस. त्याचे मजूर पैनगंगेच्या पलीकडून, यवतमाळच्या अंगानं यायचे. पाऊसकाळ संपला की यायचे ते मिरगापर्यंत राहायचे. येण्याआधी उचल घ्यायची, म्हणजे कामाच्या आधीच पैसे, आणि ती फिटेपर्यंत त्याच्याच विहिरींवर राबायचं. उचलीबद्दल मी त्याला छेडलं तेव्हा तो म्हणाला, "उचल न्हाय दिली तर कोण येतंय साहेब? तुमाला बी कंपनीनं कामाच्या आदीच पैशे दिलेत का न्हाईत?"

दिले होते.

पहिल्यांदा मजुरांना भेटलो ते माकणीच्या अलीकडच्या एका गावात. विहीर पुरुषभर खाली गेली होती. तिथं एक नवरा-बायको होते. तो तिशीतला, बुटका, खांद्यानं रुंद. ती वर यारीजवळ उभी राहून दगडाची बकेट रिकामी करायची. गुत्तेदाराला मी मुद्दाम लांब बसवलं होतं. दोघांना लिंबाखाली घेऊन सगळे प्रश्न विचारले. आधार कार्ड त्याच्या खिशात होतं, काढून दाखवलं. फोन होता. खातं होतं. मारहाण नाही. खोपीला दारच नव्हतं, तिथं कुलूप कुठलं.

"मग जायचं म्हटलं तर जाता येतं का?"

तो म्हणाला, "येते ना जी. कोन अडवते? पन आई गुत्तेदाराकडं असते. आई आल्याबिगर कसं जाव?"

मी हसलो. आईवेडा लेक, असं वाटलं मला. तोही हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. पदरानं हात पुसत ती म्हणाली, "सवाल लय बेस हायत साहेब तुमचे. जवाबही बेसच भेटन."

त्या दिवशी ते मला नुसतं बाईचं तिरकं बोलणं वाटलं. परत येताना गुत्तेदाराला मी विचारलं, आई तुमच्याकडं कशी? तर तो म्हणाला, "आता म्हातारं माणूस. खोपीत, उनात, दगडात कुठं ठिवायचं? म्हणलं आमच्या घरी राहू द्या. दोन घास खाईल, पडून राहील. आमची आय गेली तवापासनं घर मोकळं मोकळं वाटतंय बगा."

पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जेवायला गेलो. नको म्हणायची सोय नव्हती. "भाकरी खाल्ल्याबिगर कुठं चाललाव?" असं दारात अडवूनच म्हणायचा तो. चुलीजवळ ती म्हातारी बसली होती. बारीक, काळी, कपाळावर गोंदण. भाकरी तीच थापत होती. ताटात ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. जेवण झाल्यावर गुत्तेदारानं माझ्यासमोर तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "आईसारखी न्हाय साहेब, आईच हाय." म्हातारीनं पाय जवळ ओढून घेतले. मला ते लाजणं वाटलं.

इथं माझ्या घरचं सांगावं लागेल. माझी आई तेव्हा गावी भावाकडं होती. धाराशिवला माझं दोन खोल्यांचं घर, जिना अरुंद, बायकोचं आणि तिचं पटत नाही, अशी कारणं मी सांगायचो, आणि सणाला साडी घेऊन जायचो. त्या जेवणावेळी मला खरंच लाज वाटली. हा माणूस परक्याची आई सांभाळतो, आणि मी माझी सांभाळत नाही. आमच्याकडं दुसऱ्याच्या म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून घेणाऱ्याबद्दल कुणी शंका काढत नाही, त्याला पुण्यवान म्हणतात. मीही तेच केलं. कंपनीला पाठवलेल्या अहवालात एक वेगळा परिच्छेद घातला, की गुत्तेदार एका मजुराच्या वृद्ध आईची स्वतःच्या घरी देखभाल करतो. कंपनीत हे काम बघणाऱ्या बाईंना तो भाग फार आवडला. असं इतर ठिकाणीही होतं का, अशी त्यांनी कौतुकानं चौकशी केली.

होत होतं. त्याच गुत्तेदाराच्या दुसऱ्या एका टोळीतल्या माणसाचा म्हातारा बाप गुत्तेदाराच्या भावाच्या शेतात राखणीला होता. तेही मी कौतुकानंच कळवलं.

मग उन्हाळा लागला. एका कागदावर गुत्तेदाराची सही हवी होती, म्हणून मी नळदुर्गला गेलो. तो बाहेर गेला होता, येतोय म्हणून फोनवर म्हणाला. त्याची बायको शेजारी सांडगे घालायला गेली होती. परसात म्हातारी एकटीच भांड्यांच्या ढिगापुढं बसली होती. ढाब्याची भांडी. मोठमोठी पातेली. माझ्या तोपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं की ढाब्याची भांडी घासायला इथं येतात.

मी म्हटलं, "काय आजी, बरं आहे का?"

तिनं रस्त्याकडं बघितलं. मग पातेलं तसंच ठेवून जवळ आली. राखेचे हात तसेच.

"तुमी इच्यारत होते ना बाबू, जाता येते का म्हून? माह्या पोरानं सांगतलं फोनवर. मले नाही इच्यारलं तुमी."

तिनं पुन्हा एकदा रस्त्याकडं बघितलं.

"माह्या पोराले येक सांगजा. माह्यी वाट पाहू नोको म्हना. बायको घेऊन निंगून जाय म्हना. मी इथं हाय म्हूनच तो तिथं हाय. आईनंच सांगतलं म्हना, नाही त जाणार नाही तो. फोनवर बोलता येत नाही मले, हे लोक बाजूले बसतेत."

"आणि तुम्ही?"

"माह्यं काय करतेत? भांडे घासून घेतीन. जास्तीत जास्त हाकलून देतीन. जाईन मी कुठंबी."

मग ती परत जाऊन बसली आणि पातेलं ओढून घेतलं. गुत्तेदार आला, त्यानं सही केली, चहा पाजला. तो चहाही मी प्यालो.

मोटारसायकलवर बसलो तेव्हा मला सगळं कळलं होतं. आता कळलं नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. त्या बुटक्या माणसाचं आधार कार्ड खिशात होतं, फोन हातात होता, खोपीला दार नव्हतं, आणि तरी तो बांधलेला होता. त्याची साखळी नळदुर्गला भांडी घासत होती, आणि मी तिच्या हातची भाकरी खाऊन ती सोय कशी चांगली आहे हे लिहून दिलं होतं.

तसाच लोहाऱ्याच्या रस्त्यानं विहिरीवर गेलो. ठरवलं होतं, बाजूला घ्यायचं आणि आईचे शब्द जसेच्या तसे सांगायचे. गावात पोचलो तर विहिरीभोवती बाया-माणसं जमलेली. खाली ओल दिसली होती. त्या गावच्या बाया माघापासून टँकरची वाट बघत होत्या. सरपंच मला बघून म्हणाले, "आलाव का साहेब, बरं झालं. आता दोन-चार सुरुंगांचं काम ऱ्हायलंय. ह्या पोराच्या हाताला यश हाय बगा."

तो गेला तर यारी थांबणार. यारी थांबली तर गुत्तेदार काम सोडणार, कारण कोण बोललं हे त्याला कळणारच. मग विहीर अर्धी, कंपनीचा जाब, भागीदाराचा चेहरा. आणि आधीच्या अहवालात मी काय लिहिलं होतं तेही उघडं पडणार. म्हटलं, पाणी लागू दे. पाणी लागलं की सांगतो. म्हातारी कुठं पळून चालली आहे?

ती पळून जाणार नव्हती हेच तर सगळं होतं.

पाणी लागलं. लोकांनी नारळ फोडला, गूळ वाटला. पोरं चिखलात नाचली. त्याला वर काढलं तेव्हा डोळे सोडले तर सगळा राड होता, आणि तो हसत होता. गावानं त्याला टोपी-उपरणं दिलं. मीच ते त्याच्या खांद्यावर घातलं, फोटोसाठी. तेव्हा त्याची बायको माझ्याजवळ आली.

"नळदुर्गले गेले होते म्हनं तुमी. आत्याबाई बऱ्या हायत का? काई बोलल्या?"

तोही ऐकत होता. तोंडात गूळ तसाच.

मी म्हटलं, "बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

एवढंच वाक्य. ते खोटंही नव्हतं म्हणा. बाईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि "बरं" म्हणाली. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी गुत्तेदारानं त्यांना पुढच्या विहिरीवर हलवलं.

मी स्वतःला कितीतरी कारणं दिली. म्हातारीचे हाल झाले असते. पोरगा पळाला असता तर गुत्तेदारानं त्याच्या गावी माणसं पाठवली असती. आपण कोण दुसऱ्याच्या घरात मधे पडणारे? कारणं सगळी खरीच होती. पण निरोप पोचवायचा की नाही हे ठरवायचा हक्क माझा नव्हता. तिनं सगळा विचार करून सांगितलं होतं, मला फक्त तो नेऊन द्यायचा होता. कुणाचा निरोप मधेच दाबू नये, हे आमच्याकडं लहान पोराला शिकवतात.

त्याच उन्हाळ्यात म्हातारी गेली. ताप आला, ऊन लागलं, असं गुत्तेदार म्हणाला. लेकाला बोलावलं, पण तो पोचेपर्यंत त्यांनी उरकून घेतलं होतं. "उनाचं मढं कसं ठिवायचं साहेब?" त्यानं मला फोनवर विचारलं. लेकानं राख तेवढी सावडली. वर दहाव्या-तेराव्याचा खर्च गुत्तेदारानं केला आणि तो उचलीत धरला. आई जिवंत होती तोवर तिच्यापायी तो अडकला होता. आता तिच्या मातीपायी अडकला. हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या मोरीत जाऊन उलटी केली. नकाशेवाली मुलगी बाहेरून विचारत होती, "सर, काय बाहेरचं खाल्लं का?"

पुढं त्या बाईच्या भावानं तिकडून तक्रार केली. बहीण-मेहुण्याला डांबून ठेवलंय म्हणून. तहसीलमध्ये चौकशी लागली. मला बोलावणं आलं, कारण मी तिऱ्हाईत, शिकलेला, आणि माझा अहवाल होता. चौकशी करणारे साहेब चांगले होते. तरुण होते. त्यांनी नीट विचारलं, घाई केली नाही.

"ती वृद्ध बाई गुत्तेदाराच्या घरी स्वखुशीनं राहत होती का? तुम्ही प्रत्यक्ष भेटला होतात ना?"

गुत्तेदार बाकावर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला बघायची गरज वाटली नसावी.

मी म्हटलं, "हो. स्वखुशीनं."

"जबरदस्ती, धाक, काही जाणवलं?"

"नाही."

त्या बाईच्या भावानं मला शिवी दिली. शिपायानं त्याला बाहेर नेलं. लेकानं मात्र काहीच केलं नाही. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, घेतलेले पैसे फेडायचे हायत साहेब, आईच्या मातीचे हायत. फेडल्याबिगर जात नाही. तसं त्यानं स्वतःच म्हटल्यावर चौकशीत काय उरणार?

बाहेर आल्यावर तो माझ्या मागं मागं आला. मला वाटलं आता मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आईले तुमीच शेवटी भेटले. आमच्यातलं दुसरं कोनी भेटलं नाही. काही बोलली होती का हो ती? मले तिनं बोलावलं असन न? मी गेलो नाही म्हून तिचा जीव अटकला असन."

त्याची बायको दोन पावलं मागं उभी होती. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

त्या क्षणी सांगितलं असतं तर वर जाऊन जबाब फिरवावा लागला असता. जिना चढायचा होता फक्त. मी म्हटलं, "नाही रे. तुझी आठवण काढायची."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून धुवावासा वाटतो.

आता मी प्रत्येक कामाच्या जागी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरचं कोणी काम देणाऱ्याकडं, त्याच्या भावाकडं, पाहुण्याकडं राहतं का? धोरणात तो नव्हता. मी घातला. म्हाताऱ्या माणसांना एकटं गाठून बोलतो. असं दोनदा आढळलं, तेव्हा भागीदाराशी भांडून काम थांबवलं आणि माणसं गाडीत घालून त्यांच्या लेकराबाळांपाशी नेऊन सोडली. भागीदार म्हणतो, तू एवढा कडक कधीपासून झालास राव? कंपनीनं आमच्या ऑफिसला शाबासकी दिली. त्या कौतुकाचा कागद नकाशेवाल्या मुलीनं भिंतीवर लावला, तो मी काढून कपाटात टाकला. तिला वाटलं मला संकोच झाला.

ह्यातल्या कशानंही तो माणूस सुटलेला नाही. तो अजून त्याच गुत्तेदाराच्या विहिरीवर आहे, सध्या तेरखेड्याच्या पुढं. बायको वर यारीजवळ असते. मी दोनदा त्या रस्त्यानं गेलो. एकदा तर पार विहिरीच्या मातीच्या ढिगापर्यंत पोचलो होतो. बाईनं मला ओळखलं, बकेट धरूनच ती बघत राहिली. मी गाडी वळवली. भीती गुत्तेदाराची नाही. निरोप सांगितला की त्याला कळेल, आई त्याला बोलावत नव्हती, जा म्हणत होती. मेलेल्या आईच्या ओझ्याखाली तो जे दगड फोडतोय ते फुकट आहेत. आणि हे मला इतके दिवस ठाऊक होतं. त्यानंतर तो काय करील, मला माहीत नाही. पण जाईल. तिनंच सांगितलं होतं, आईनं सांगितलं म्हटलं की जाईल.

माझं देणं एवढं आहे. तिचे शब्द तिच्या लेकाला, त्याच्या बायकोसमोर, जसे तिनं सांगितले तसे. आणि तहसीलच्या जिन्यावर चढून, मी दिलेला जबाब खोटा होता, हे सांगणं. दोन्ही मी अजून दिलेलं नाही.